ठिपका दिसतो तोवर

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्याला एक सवय लागते. सकाळी उठलं की दात घासायच्या आधी टाकीपाशी जायचं आणि मासे मोजायचे. सगळे जागेवर असले की मग एकेकाचं अंग बघायचं. पांढरं काही दिसतंय का? कुणी दगडाला अंग घासतंय का? कुणाचे कल्ले जोरात हलतायत का?

आमच्या घरात ही सवय माझ्याही आधीपासून आहे. तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग. ऑक्टोबरची छाटणी होऊन फुटवे निघाले की आण्णा, म्हणजे माझे वडील, चहाच्या आधी बागेत जातात आणि पानं उलटी करून बघतात. पांढरं काही दिसतंय का?

मी सांगलीत इंजिनिअरिंग केलं, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि आता साताऱ्यात भाड्याच्या घरात बसून कोड लिहिते. हॉलमध्ये अडीचशे लिटरची टाकी आहे. तिच्यात क्लाउनफिशची जोडी, थोडे मऊ कोरल, गोगलगायी आणि दगड. हा लेख माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांबद्दल आहे. ते ओळखायचे कसे आणि त्यांचं करायचं काय, एवढंच सांगायचं आहे. पण त्यातलं निम्मं मला द्राक्षाच्या पानावरून समजलं, त्यामुळे द्राक्षं मधेमधे येत राहतील.

साताऱ्यातला समुद्र

साताऱ्याहून समुद्र गाठायचा तर सह्याद्री ओलांडून चिपळूणकडे उतरावं लागतं. तिथून पाणी आणणं परवडत नाही आणि ते स्वच्छ असेल याची खात्रीही नसते. म्हणून समुद्र घरी तयार करायचा. आरओचं पाणी घ्यायचं, त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मत्स्यालयाचं मीठ विरघळवायचं आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आलं की थांबायचं. अडीचशे लिटरला पावणेनऊ किलो मीठ लागतं. हे जेवणातलं मीठ नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि समुद्रात असतात ते बाकीचे क्षारही असतात.

आईला पहिल्यांदा मिठाची बादली दाखवली तेव्हा तिचा चेहरा उतरला. तिचं माहेर वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. त्या पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षं पाट भरून पाणी दिलं, निचरा झाला नाही, आणि खालचे क्षार हळूहळू वर आले. मामाच्या शेताच्या एका कोपऱ्यात जमिनीवर पांढरी खपली धरते. आमच्याकडे त्याला क्षारपड म्हणतात. “पांढरं दिसाय लागलं तवा जमीन आधीच गेलेली असती,” असं आजोबा म्हणायचे. मीठ विकत आणून पाण्यात कालवणारी मुलगी आईला कशी वाटली असेल ते मी समजू शकते.

आजोबांचं ते वाक्य मात्र टाकीलाही लागू पडतं.

पांढऱ्याचे प्रकार

मासा पांढरा दिसतोय एवढ्यावर औषध ठरत नाही. निदान चार-पाच वेगळ्या गोष्टी पांढऱ्या दिसतात आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे.

पहिला, सगळ्यात जास्त भेटणारा: क्रिप्टोकॅरियन. मिठाच्या किंवा रव्याच्या कणासारखे, किंचित उठलेले, मोजता येतील असे ठिपके. ते आधी बहुतेकदा परांवर दिसतात. मासा अंग घासतो, पण सुरुवातीला खातो, फिरतो. याला हौशी लोक ‘मरिन इक’ म्हणतात. गोड्या पाण्यातल्या माशांनाही असेच ठिपके येतात, पण त्याचा जीव वेगळा आहे. तिथले उपाय इथे तसेच्या तसे उचलून चालत नाहीत.

दुसरा अमायलूडिनियम, हौशी भाषेत ‘व्हेल्वेट’. हे ठिपके इतके बारीक असतात की मोजता येत नाहीत. कुणीतरी माशावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखं दिसतं. टाकीचा दिवा घालवून टॉर्च तिरका मारला की अंगावर सोनेरी-करडी झाक दिसते. हा आधी कल्ल्यांत शिरतो. म्हणून ठिपके दिसण्याआधीच मासा धापा टाकतो, पंपाच्या प्रवाहात तोंड देऊन उभा राहतो, उजेड टाळतो. काही दिवसांत, कधी दोन-तीन दिवसांतच मासा जातो.

तिसरा ब्रुकलिनेला. याला ठिपका म्हणणं कठीण आहे. अंगावर शेंबडासारखा पांढुरका थर येतो आणि तो पट्ट्यापट्ट्याने सुटतो. क्लाउनफिशला हा फार होतो. याच्यावर तांब्याचं औषध चालत नाही, फॉर्मेलिन लागतं.

चौथा लिम्फोसिस्टिस. हा विषाणू आहे. पराच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी बारीक गाठ येते. हिच्यावर औषध नाही आणि बहुतेक वेळा गरजही नाही. पाणी चांगलं ठेवा, खायला नीट द्या, काही आठवड्यांनी गाठ आपोआप जाते.

आणि पाचवी गोष्ट म्हणजे काहीच नसणं. वाळूचा कण चिकटलेला असतो, पंपातून आलेले हवेचे बुडबुडे अंगावर बसलेले असतात. दुसऱ्या दिवशी नसतात.

द्राक्षवाल्याला यात नवीन काही वाटणार नाही. पानावर वरून तेलकट पिवळसर डाग आणि पान उलटलं की त्याच जागी कापसासारखी पांढरी बुरशी, हा दावण्या. कृषी खात्याची माणसं त्याला डाऊनी किंवा केवडा म्हणतात. पानावर राख उडाल्यासारखी पांढुरकी पावडर, ती भुरी. बारीक तपकिरी-काळे डाग, मधलं मेलेलं आणि तिथे भोक पडलेलं, तो करपा. आणि कधी कधी पांढरं दिसतं ते कालच्या फवारणीचं वाळलेलं औषध. दावण्याला तांबं चालतं, भुरीला गंधक लागतं. भुरीवर तांबं मारत बसलात तर पैसे जातात आणि भुरी राहते.

भिंग

गेल्या जुलैमध्ये मी पुण्याहून एक कोरल ब्यूटी आणली. जांभळ्या अंगावर केशरी झळाळी असलेला हा लहानसा एंजलफिश. असे मासे सहसा इंडोनेशिया किंवा फिलिपिन्सच्या बाजूला पकडले जातात आणि दोन-तीन व्यापाऱ्यांच्या टाक्यांतून फिरून आपल्यापर्यंत येतात. प्रत्येक टाकीत त्यांच्या शेजारी वेगळा मासा असतो आणि त्याचं दुखणं वेगळं.

म्हणून नवीन मासा थेट हॉलच्या टाकीत जात नाही. मागच्या खोलीत साठ लिटरची दुसरी टाकी आहे. तिच्यात वाळू नाही, दगड नाही, फक्त स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. आमच्या कामात नवीन कोड आधी स्टेजिंगला जातो, मग प्रॉडक्शनला. तसंच हे. शब्द मात्र आपल्या सगळ्यांना २०२० मध्ये पाठ झालेला आहे: क्वारंटाइन. रागुसा नावाच्या एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या बंदराने १३७७ मध्ये प्लेगच्या भीतीने बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळं ठेवायचा नियम केला. पुढे तीसाचे चाळीस झाले आणि इटालियनमधल्या चाळीसवरून हा शब्द आला.

पाचव्या दिवशी सकाळी कोरल ब्यूटीच्या शेपटीवर तीन ठिपके दिसले. संध्याकाळपर्यंत सात झाले. कल्ल्यांचा वेगही वाढलेला होता.

त्याच आठवड्यात आण्णा साताऱ्यात आत्याकडे आले होते. रात्री माझ्याकडे मुक्कामाला आले. मी टॉर्च घेऊन मागच्या खोलीत बसलेली पाहून तेही येऊन बसले. काही न बोलता त्यांनी शर्टाच्या खिशातून भिंग काढलं. हे घडीचं, दहापटीचं भिंग मी लहानपणापासून त्यांच्या खिशात बघत आले आहे.

“काय हाय त्याला?”

“पांढरे ठिपके आलेत, आण्णा.”

“वर बसल्यात का आत?”

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. क्रिप्टोकॅरियनचा जीव कातडीवर बसत नाही. तो कातडीच्या वरच्या थराखाली शिरून तिथे खातो. आपल्याला दिसतो तो त्याच्यावर आलेला कातडीचा फुगवटा.

“आत,” मी म्हटलं.

“मग वरनं मारून काय उपेग? दावण्यागत हाय तर हे.”

पोहणारा

ते म्हणाले ते किती अचूक आहे हे कळायला या जिवाचं आयुष्य बघावं लागतं. १९५१ मध्ये त्याला क्रिप्टोकॅरियन इरिटन्स हे शास्त्रीय नाव मिळालं. त्याच वर्षी मुंबईत मरिन लाइन्सजवळ तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. आपल्याकडच्या किती शाळांच्या सहलींनी समुद्रातला जिवंत मासा पहिल्यांदा तिथे पाहिला असेल.

याचे चार टप्पे आहेत. माशाच्या कातडीखाली तो तीन ते सात दिवस खातो आणि मोठा होतो. मग मासा सोडून तळाशी जातो. तिथे वाळूला, दगडाला, काचेला चिकटून स्वतःभोवती कवच करतो. त्या कवचात त्याचे तुकडे होत राहतात, एकाचे शे-दोनशेसुद्धा. हा टप्पा कधी तीन दिवसांत संपतो, कधी चार आठवडे घेतो. प्रयोगशाळेत एखाद्या गाठीने ७२ दिवसही घेतलेले आहेत. मग कवच फुटतं आणि बारीक केसांनी पोहणारी पिल्लं बाहेर पडतात. त्यांच्याकडे एक-दोन दिवसांचा वेळ असतो. तेवढ्यात मासा सापडला तर ती कातडीत शिरतात, नाही तर मरतात.

यातला कुठला टप्पा आपण मारू शकतो? कातडीखालच्याला औषध पोचत नाही. कवचातल्यालाही नाही. राहिला तो पोहणारा. पाण्यात योग्य मात्रेत तांबं असेल तर तो मरतो. म्हणजे जे औषध आपण ठिपका बघून टाकतो, ते त्या ठिपक्याला काहीच करत नाही. पुढच्या पिढीची वाट अडवून बसणं, एवढंच त्याचं काम.

म्हणूनच हा रोग माणसाला फसवतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके आपोआप नाहीसे होतात, कारण खाऊन झालेले जीव तळाशी उतरलेले असतात. माणसाला वाटतं मासा बरा झाला. बाजारात ‘कोरलला सुरक्षित’ असं लिहिलेल्या बाटल्या मिळतात. त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांचं यश या चौथ्या दिवसाचं असतं. दोन-तीन आठवड्यांनी ठिपके परत येतात आणि या वेळी सात नसतात, सत्तर असतात. आमच्या कामात याला रिप्रोड्यूस न होणारा बग म्हणतात. तो दिसेनासा झाला म्हणून तिकीट बंद करणारा माणूस पुढच्या महिन्यात रात्री दोनला उठतो.

आता दावण्या. ही दिसायला बुरशी, पण तिलाही पाणी लागतं. पान काही तास ओलं राहिलं की तिच्या बीजाणूंतून शेपट्या असलेले जीव बाहेर पडतात आणि पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात अक्षरशः पोहतात. पोहत पोहत पानाच्या रंध्रापाशी येतात, शेपटी टाकतात आणि आत शिरतात. पुढचे पाच ते दहा दिवस पान निरोगी दिसतं. मग तेलकट डाग येतो. तांब्याचं औषध मारतं ते या पोहणाऱ्याला, रंध्रात शिरायच्या आधी. डागाला नाही.

एक जीव प्रवाळाच्या समुद्रातला, दुसरा वेलीच्या पानावरचा. त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. पण दोघांनाही शिकार गाठायला थोडं पोहावं लागतं, आणि त्या थोड्या अंतरात तांबं दोघांनाही अडवतं.

मोरचूद

दावण्या युरोपचा नव्हे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या बागा मुळांवरच्या फायलोक्झेरा किडीने उद्ध्वस्त झाल्या. तिला दाद न देणारी अमेरिकन वेलींची खुंटं आणली गेली. त्या वेलींबरोबर दावण्या आला आणि १८७८ मध्ये फ्रान्समध्ये दिसला. जुनं दुखणं हटवायला आणलेल्या पाहुण्याने नवं दुखणं आणलं. साठ लिटरची मागची टाकी का लागते, याला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

बोर्दो विद्यापीठात मियार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८८२ मध्ये त्यांना मेदोक भागात दिसलं की रस्त्याकडेच्या वेलींची पानं शाबूत आहेत आणि आतल्या बाजूची गळाली आहेत. रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकऱ्यांनी मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी शिंपडलं होतं, ते येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. मियार्देंनी त्यावर काम केलं आणि १८८५ मध्ये मिश्रण प्रसिद्ध केलं. तेच आमचं बोर्डो.

तासगावकडे बोर्डो कसं करतात हे मी पन्नास वेळा पाहिलंय. एक टक्क्याला शंभर लिटर पाणी, एक किलो मोरचूद, एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बॅरलमध्ये भिजवायचं, मग एकत्र करायचं आणि ढवळत राहायचं. झालं की त्यात लोखंडी विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी पडलाय, अजून घालायचा. चुन्यामुळे तांब्याचा साका होतो, पानाला चटका बसत नाही आणि तांबं हळूहळू सुटत राहतं.

मी क्वारंटाइन टाकीत तांबं टाकायचं ठरवलं, त्यामागे कारण होतं. दुसरा एक मार्ग आहे: दर ७२ तासांनी मासा नव्या, कोरड्या करून घेतलेल्या टाकीत हलवायचा, असं चार वेळा करायचं. अंगावरून उतरलेले जीव मागच्या टाकीत राहतात आणि त्यांची पिल्लं निघायच्या आत मासा पुढे गेलेला असतो. त्यात औषधच नाही. क्रिप्टोकॅरियनला हे पुरतं, पण व्हेल्वेटला पुरेल याची खात्री नसते. कल्ल्यांचा वेग बघता मला व्हेल्वेटची शक्यता सोडून देता येत नव्हती. तांबं दोघांवरही चालतं.

मी डबीतून द्रावण मोजून घेत होते तेव्हा आण्णा बघत होते.

“एवढंसं? घरी अर्धं पोतं पडलंय मोरचूद. आणलं असतं की.”

मी त्यांना हिशेब दाखवला. पाण्यात हवं होतं लिटरला ०.२ मिलिग्रॅम तांबं. साठ लिटरला बारा मिलिग्रॅम. बोर्डोच्या एका लिटरमध्ये अडीच ग्रॅमच्या आसपास तांबं असतं, म्हणजे माझ्या टाकीच्या साडेबारा हजार पटींच्या आसपास. शिवाय शेतीच्या मोरचूदात दुसरं काय काय आहे ते माहीत नसतं. पान ते सोसतं, मासा सोसत नाही. ०.१५ च्या खाली गेलं तर पोहणारा वाचतो, ०.२५ च्या वर गेलं तर माशाचेच कल्ले बिघडतात. त्यातून एंजलफिश तांब्याला नाजूक. म्हणून दोन दिवसांत थोडं थोडं वाढवायचं. आणि खाऱ्या, अल्कली पाण्यात तांब्याचा साका होऊन मात्रा उतरते, म्हणून सकाळ-संध्याकाळ टेस्ट किटने मोजायचं आणि उतरलेलं भरायचं.

“आमाला साका पायजे, तुला नको,” आण्णा म्हणाले. त्यांना मजा वाटली होती. “आन् इळा?”

मी टेस्ट किटची नळी दाखवली. ती हळूहळू निळी झाली.

हॉलच्या टाकीत मात्र तांबं कधीच टाकायचं नाही. कोरल, गोगलगायी, कोळंबी त्याने मरतात, आणि दगड-वाळू ते शोषून घेतात. हॉलच्या टाकीत ठिपके दिसले, तर सगळे मासे बाहेर काढून क्वारंटाइनमध्ये उपचार करावे लागतात आणि मुख्य टाकी माशांविना ठेवावी लागते. ७२ दिवसांच्या त्या गाठीमुळे हौशी लोकांचा नियम ७६ दिवसांचा आहे. कोरल तिथेच राहू शकतात. पोहणाऱ्यांना मासा सापडत नाही आणि ते संपतात.

वेळ कमी पडला

कोरल ब्यूटीने तांबं वाढायला लागल्यापासून तीन दिवस काही खाल्लं नाही. चौथ्या दिवशी अंगावर एकही ठिपका नव्हता, पण ती पाइपच्या तुकड्यात बसून होती. आण्णांचा त्या दिवशी फोन आला. ते तासगावला परतले होते. माशाची चौकशी झाल्यावर मूळ विषयावर आले. धाकटा भाऊ म्हणतोय बाग काढू या, ऊस लावू या. “उसाची पानं उलटून बगावी लागत न्हाईत म्हंतोय. तुला काय वाटतं?”

हा प्रश्न घरात २०१९ पासून आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला. आमच्या बागेला पुराचं पाणी लागलं नाही. आम्ही वाचलो असं सगळे म्हणाले. मग ऑक्टोबरच्या शेवटी अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि त्याच्या पाठोपाठ ‘महा’ अशी दोन चक्रीवादळं उभी राहिली. दोन्ही महाराष्ट्राच्या किनाऱ्याला धडकली नाहीत. पण पाऊस थांबेना. दिवाळी पावसात झाली, नोव्हेंबर उजाडला तरी ढग हटले नाहीत. बाग छाटणीनंतर महिन्याच्या पुढची, फुलोऱ्यात. दावण्याला याहून चांगले दिवस नाहीत.

मी दिवाळीला घरी होते. रोज सकाळी पानं ओली, दिवसभर ओली. चिखलात ट्रॅक्टर आत जात नव्हता. आण्णा आणि भाऊ पाठीवर पंप घेऊन दोन सरींच्या मधल्या तासाभरात मारायचे, आणि मारलेलं पुढची सर धुऊन न्यायची. पानं अजून हिरवी दिसत होती. पाहुणे म्हणायचे, बाग बरी आहे की. आण्णा काही बोलायचे नाहीत. आठव्या दिवशी घडावर पांढरं आलं. मग मणी तपकिरी होऊन गळायला लागले. त्या हंगामात बेदाण्यालाही पुरेसा माल निघाला नाही.

“औषध कमी पडलं न्हाई, येळ कमी पडला,” ते नंतर म्हणाले. तेव्हा मला ते नशिबाबद्दलचं वाक्य वाटलं होतं. जुलैमध्ये रोज दोनदा तांबं मोजताना कळलं की ते तांत्रिक वाक्य आहे. पोहणारा सुटतो तेव्हा पाण्यात तांबं असायला हवं. ते नसेल त्या प्रत्येक तासात तो आत शिरतो. आणि तुम्हाला ते आठवड्याने कळतं.

द्राक्षाचा वेल मुळात समशीतोष्ण हवेतला. थंडीत झोपणारा. त्याला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशा दोन छाटण्या देऊन आपण तासगावात वर्षाला एक पीक काढतो. कोरल ब्यूटीलाही साताऱ्यात असायचं काही कारण नाही. जे जिथलं नाही ते तिथे जगवायचं ठरवलं की डोळ्यांवर भरवसा ठेवून भागत नाही. रोगाच्या कॅलेंडरप्रमाणे चालावं लागतं, दिसत नाही त्या दिवसांतही. ऊस लावला की हे कॅलेंडर सुटतं. भावाचं म्हणणं चुकीचं नाही. आजोबांच्या कृष्णाकाठी उसाने काय केलं तेही मला माहीत आहे, पण प्रत्येक रानाचा निचरा वेगळा असतो.

आणखी एक हिशेब आहे. तांबं कुजत नाही. बागेत मारलेलं तांबं मातीत साठत जातं. युरोपीय संघाने २०१९ पासून शेतीतल्या तांब्याला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली, ती याच कारणाने. आण्णा आता बोर्डो पूर्वीइतकं मारत नाहीत. छाटणीनंतर खोड-ओलांड्यांना पेस्ट लावतात आणि हंगामात मोजक्या वेळी फवारतात. माझे बारा मिलिग्रॅम त्या मानाने काहीच नाहीत. तरी उपचार संपल्यावर ते पाणी कुंड्यांना किंवा ओढ्याला जाऊ नये म्हणून मी कार्बनमधून काढून मगच टाकलं.

फोनवर मी एवढंच म्हटलं, “दोन एकर एकदम काढू नका.”

पाचव्या दिवशी मासा पाइपबाहेर आला आणि गोठवलेल्या मायसिस कोळंबीचा एक तुकडा ओढून घेऊन गेला. तांबं मी तीस दिवस ठेवलं, त्यातले जवळजवळ सगळे दिवस अंगावर काहीही नसताना. मग कार्बन लावून, पाणी बदलून तांबं उतरवलं आणि आणखी दोन आठवडे नुसतं बघितलं. सप्टेंबरच्या मध्याला ती हॉलमध्ये आली. क्लाउनफिशच्या मादीने पहिले दोन दिवस तिला पळवलं, आता दोघी आपापल्या दगडावर असतात.

बागेतला एक एकर या मे महिन्यात काढला. वेलांचे बुंधे जेसीबीने उपटले, अँगल आणि तारा विकल्या, तिथे आता ऊस आहे. दुसरा एकर ठेवलाय. तो आण्णा बघतात, ऊस भाऊ बघतो.

पावसाळ्यापासून आमच्या दोघांचा व्हॉट्सॲपवर एक उद्योग चालतो. ते पानाचे फोटो पाठवतात, मी माशांचे. दोघांनाही एकमेकांच्या कामातलं पूर्ण कळत नाही. तरी गेल्या आठवड्यात मी कोरल ब्यूटीचा फोटो पाठवला, शेपटीवर एक पांढरा कण होता. दोन मिनिटांत त्यांचं उत्तर आलं: दुसऱ्या अंगाचा पाठव.

पाठवला. कण वाळूचा होता. तरी उद्या परत बघणार आहे.